गैरवर्तनाची यादी आणि तिची शेवटची ओळ

‘गैरवर्तनात पुढील कृत्यांचा समावेश होतो, मात्र ते एवढ्यापुरतेच मर्यादित नाही.’ आज बहुतेक कंपन्यांच्या आचारसंहितेत आणि नेमणूकपत्रात या अर्थाचं वाक्य सापडतं. सही करणारा ते सहसा वाचत नाही, आणि वाचलं तरी नोकरी हातची जाऊ नये म्हणून काही विचारत नाही. माझ्या मुलीने तिच्या कंपनीसाठी नवी आचारसंहिता लिहायला घेतली तेव्हा तिच्या मसुद्यातही हे वाक्य होतं. ती हिंजवडीत एचआर सांभाळते. माझ्या भावाची उमेदीची सारी वर्षं पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कामगारांचा बचाव प्रतिनिधी म्हणून खातेनिहाय चौकशांत बसण्यात आणि कामगार न्यायालयाच्या तारखांत गेली. मसुदा तिने आपण होऊन मामाला वाचायला दिला. पुढचं बोलणं त्या दोघांचं आहे. जिथे मला राहवलं नाही तिथे मी मध्ये बोलले आहे.

भाची : मामा, तुम्ही नेमकं याच ओळीवर लाल खूण केलीत. सगळीकडे असंच लिहितात.

मामा : सगळीकडे लिहितात म्हणूनच खूण केली. वर तू चांगली कलमं लिहिली आहेस. चोरी, लाच, खोटी बिलं, क्लायंटची माहिती बाहेर देणं. मेहनत दिसते. आणि शेवटच्या ओळीत सांगतेस की याशिवाय आम्हाला वाटेल तेही गैरवर्तन. मग वरच्या कलमांचा उपयोग कुणाला? साहेबाला यादीची गरज उरली नाही आणि कामगाराला तिचा आधार उरला नाही.

भाची : आधार कसा उरला नाही? आणि उद्या काय घडेल ते मी आज कसं लिहू? सोबत काम करणाऱ्या मुलीचा चेहरा लावून कुणी एआयवर घाणेरडं चित्र तयार केलं. कुणी क्लायंटचा गोपनीय करार चॅटबॉटमध्ये टाकून त्याचा सारांश काढला. काही वर्षांपूर्वी हे कोणाच्या यादीत होतं? यादी बंद केली की पहिला गुन्हेगार सुटला आणि दुसऱ्यासाठी नियम झाला. ज्या पोरीला त्रास झाला तिला मी काय सांगू?

मामा : तिच्याकडे येऊ. आधी यादी आली कुठून ते बघ. 1946 चा स्थायी आदेशांचा कायदा. त्याच्या आधी बहुतेक ठिकाणी मालक बोलेल तो नियम होता. कायद्याने मालकाला सांगितलं की नोकरीच्या अटी नेमक्या शब्दांत लिही, प्रमाणन अधिकाऱ्याकडून मंजूर करून घे, त्याआधी युनियनचं म्हणणं ऐकू दे. नमुन्याचे आदेशही दिले. त्यातली गैरवर्तनाची यादी वाच. उशिरा येणं म्हटलेलं नाही, सवयीने उशिरा येणं म्हटलंय. गैरहजेरी म्हणजे एक खाडा नव्हे, सवयीची गैरहजेरी किंवा रजेशिवाय दहा दिवसांहून जास्त. हुकूम मोडणंसुद्धा केव्हा? हुकूम कायदेशीर आणि वाजवी असेल आणि तो जाणूनबुजून मोडला असेल तेव्हा. चार्जशीट आली की मी आधी हे शब्द शोधायचो. ‘जाणूनबुजून’ कशावरून? ‘वाजवी’ कसा? एवढ्यावर माणसं परत कामावर गेली आहेत.

भाची : पण मामा, त्याच यादीत ‘शिस्तीला बाधक असं कोणतंही कृत्य’ असंही आहे. ते माझ्या ओळीपेक्षा वेगळं कसं?

मामा : आहे. आणि खरं सांगतो, सगळ्यात जास्त चार्जशीटा त्याच कलमाखाली निघायच्या.

हे त्याने सरळ कबूल केलं ते बरं झालं. कामगार चळवळीतली माणसं कधीकधी जुन्या कायद्याविषयी असं बोलतात की त्यात फट नव्हतीच. फट होती. तरीही जुन्या व्यवस्थेत तो मजकूर मालकाच्या एकट्याच्या लेखणीतून उतरत नव्हता, हा फरक मोठा आहे. आणि तो फरकही आता अनेकांच्या बाबतीत उरलेला नाही. केंद्राच्या जुन्या कायद्यात 100 कामगारांच्या आस्थापनेला स्थायी आदेश सक्तीचे होते, महाराष्ट्रात ही मर्यादा 50 वर होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि मर्यादा 300 वर गेली. म्हणजे चाकणच्या किंवा सातपूरच्या दोनशे माणसांच्या कारखान्यात गैरवर्तन म्हणजे काय, हे आता बरंचसं नेमणूकपत्र आणि कंपनीची पॉलिसी ठरवणार. व्यवस्थापकीय हुद्द्यावरची मंडळी तर आधीपासूनच या कवचाबाहेर होती. त्यामुळे ही चर्चा दोघांच्या हौसेची नाही.

भाची : माझी माणसं कारखान्यातली नाहीतच. त्यांनी करारावर सही केलीय, आणि करारात दोन्ही बाजू मोकळ्या असतात.

मामा : दोन्ही? गेल्या वर्षात किती जणांनी तुझ्याशी त्या ओळीवर वाद घातला?

भाची : एकानेही नाही.

मामा : मग मोकळी बाजू एकच. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये ब्रोजोनाथ गांगुलीच्या खटल्यात हेच पाहिलं. सरकारी कंपनीच्या नियमात कायम नोकराला तीन महिन्यांची नोटीस देऊन कारण न सांगता काढायची सोय होती. कोर्टाने ती रद्द केली. सौदा करायची ताकदच नसलेल्या माणसाकडून घेतलेली अशी अट सार्वजनिक हिताविरुद्ध आहे म्हणाले.

भाची : ती सरकारी कंपनी होती. खासगीत कामगार कायद्याच्या कवचाबाहेरचा माणूस फार तर नुकसानभरपाई मागू शकतो, नोकरी परत मिळत नाही.

मामा : खरं आहे. म्हणून तर तुझ्या कागदावरचा शब्द जपून लिहायचा. कोर्ट नंतर दुरुस्त करील अशी सोय तुझ्या माणसांना नाही.

मग त्याने ग्लॅक्सोचा खटला काढला. तो काढणार हे मला माहीत होतं. कामगारांची बाजू लढणाऱ्यांना हा निकाल पाठ असतो. मीरतच्या कामगार न्यायालयातून वर गेलेलं प्रकरण, निकाल 1983 चा, न्यायमूर्ती डी. ए. देसाई. कंपनीच्या स्थायी आदेशात मारामारी, दमदाटी, शिवीगाळ वगैरे कृत्यं ‘आस्थापनेच्या आवारात किंवा तिच्या लगतच्या परिसरात’ घडली तर गैरवर्तन, असं लिहिलेलं होतं. कामगारांवरचा दमदाटीचा आरोप मात्र कारखान्यापासून दूर घडलेल्या घटनेचा. कंपनीचं म्हणणं होतं की परिणाम कारखान्यातल्या शिस्तीवर होतो, तेव्हा जागा कुठली हे गौण आहे. शिवाय यादीत नसलेलं गैरवर्तनही शिक्षेला पात्र असू शकतं. न्यायालयाने दोन्ही नाकारलं. स्थायी आदेशांनी नोकरी जाते, म्हणजे ते दंडविधानासारखे आहेत, म्हणून त्यांचा अर्थ काटेकोर लावायचा. कशासाठी शिक्षा होईल हे कामगाराला आधी कळलं पाहिजे, घडून गेल्यावर नाही.

भाची : मामा, ‘लगतचा परिसर’ आज कुठला? माझी निम्मी माणसं घरून काम करतात. भांडण टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री अकराला होतं.

मामा : मग तसं लिही. 2013 चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा बघ. त्यात ‘कामाचे ठिकाण’ किती मोठं केलंय. कामानिमित्त जिथे जाल ती जागा, मालकाने दिलेली गाडीसुद्धा. घेर मोठा करायला माझी ना नाही. पण मोठा केला तर तो कागदावर दिसू दे. टीमचा ग्रुप धरायचा असेल तर ‘कामासाठी काढलेले ग्रुप’ म्हण. त्याच्या कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर तो कंपनीविषयी काय बोलला हे तुझ्या टेबलावर यायला नको.

भाची : हे मान्य. ‘कंपनीच्या प्रतिमेला बाधा’ हे कलम मी आखडतं घेईन.

मामा : आणि ते दुसरं? ‘कर्मचाऱ्याला न शोभणारं वर्तन’?

भाची : ते राहू द्या ना. सगळी मूल्यं त्यात येतात.

मामा : मूल्यं वेगळी ठेव. कालरा नावाच्या अधिकाऱ्याचा 1984 चा निकाल आहे, तोही देसाईंचाच. सरकारी महामंडळातला माणूस. घर आणि वाहनासाठी उचल घेतली, अटी पाळल्या नाहीत. काढून टाकला. महामंडळाच्या नियमांत एका ठिकाणी लिहिलं होतं की नोकराने सचोटी ठेवावी, न शोभणारं काही करू नये. गैरवर्तनाची यादी दुसऱ्या नियमात वेगळी होती. कोर्ट म्हणालं, पहिलं आहे ती अपेक्षा. अपेक्षेला उतरला नाही म्हणून गैरवर्तन होत नाही, ते यादीत दाखवा. आणि उचलीच्या अटी मोडल्या तर काय करायचं तेही नियमांत आधीच लिहिलेलं होतं, व्याज लावा, वसुली करा. त्यासाठी नोकरी घ्यायची गरज नव्हती.

भाची : तुम्ही तुमच्या बाजूचे निकाल सांगता. हिंदुस्थान मोटर्सचा 1976 चा निकाल का सांगत नाही? तिथे तेच न्यायालय म्हणालं होतं की स्थायी आदेश काही प्रकारांचं वर्णन करतात, सगळे प्रकार त्यात मावत नाहीत, आणि एखाद्या प्रकरणात यादीबाहेरचं वर्तनही गैरवर्तन ठरू शकेल. आणि पंजाबचा तो शिपाई, 1992 मधला. कमरेला सरकारी रिव्हॉल्व्हर लावून दारूच्या नशेत बसस्टँडवर हिंडत होता. गैरवर्तन या शब्दाची नेमकी व्याख्या करता येत नाही, संदर्भ पाहून अर्थ लावायचा, असं तिथेही म्हटलंय.

मामा : वाचून आलीस.

भाची : तुमच्याकडे यायचं म्हणजे वाचूनच यावं लागतं. आणि आता त्या पोरीकडे येऊ. परिधान निर्यात प्रोत्साहन परिषदेचं प्रकरण. घटना 1988 ची, दिल्लीतली. अध्यक्षांच्या खासगी सचिवाने एका टायपिस्ट मुलीशी हॉटेलच्या बिझनेस सेंटरमध्ये आणि नंतर लिफ्टमध्ये लगट करायचा प्रयत्न केला. चौकशी झाली, काढून टाकला. उच्च न्यायालयाने त्याला परत घ्यायला सांगितलं, का, तर प्रयत्न केला पण प्रत्यक्ष विनयभंग झाला नाही! 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि नोकरीवरून काढणं योग्य ठरवलं. मामा, 1988 मध्ये ‘लैंगिक छळ’ हा शब्द कुठल्या यादीत होता? त्याची व्याख्या करणारा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला ऑगस्ट 1997 मध्ये. कायदा यायला 2013 उजाडलं. तोवर कामावर जाणाऱ्या बायकांना वाचवलं असेल तर अशाच सैल शब्दांनी. ‘न शोभणारं’, ‘असभ्य’. याद्या लिहिणारे सगळे पुरुष होते. त्यांच्या बाबतीत जे घडत नव्हतं ते त्यांनी लिहिलं नाही.

माझा भाऊ यावर बराच वेळ बोलला नाही. मी बोलले. मी स्वतः त्या काळात नोकरी केली आहे. साहेबाच्या केबिनमध्ये दार उघडं ठेवून जायचं, हे आम्ही एकमेकींना सांगायचो, कारण तक्रार कुठल्या कलमाखाली करायची हे आम्हाला माहीत नव्हतं. यादी म्हणजे लिहिणाऱ्याच्या अनुभवाची हद्द, हे माझ्या मुलीने बरोबर ओळखलं आहे.

मामा : मला हे मान्य आहे. पण त्यावर उपाय काय निघाला तेही बघ. विशाखात कोर्टाने ‘असभ्य’ हा शब्द ताणत न बसता स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रं दाखवणं, असं एकेक लिहून काढलं. कायद्याने मालकावर जबाबदारी टाकली की हे सेवानियमांत गैरवर्तन म्हणून धरा. बायकांना खरा आधार मिळाला तो तेव्हा, नाव मिळाल्यावर.

भाची : आणि नाव मिळेपर्यंत?

मामा : नाव मिळेपर्यंत... दुसऱ्या माणसाच्या अंगाला, अब्रूला हात घातला असेल तर यादीबाहेरचंही धर. एवढं मी सोडतो. पण मालकाच्या गैरसोयीला तो न्याय लावू नकोस. ‘माणसाला इजा’ आणि ‘कंपनीला खटकलं’ हे तू एकाच ओळीत कोंबलंयस.

सगळ्या बोलण्यातलं हे वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं.

यानंतर ज्या कलमावर खरी झटापट झाली ते कामगिरीचं होतं. मसुद्यात ‘सातत्याने अपेक्षेपेक्षा कमी कामगिरी’ हेही गैरवर्तनात घातलेलं होतं.

मामा : हे कुणी घालायला सांगितलं?

भाची : व्यवस्थापनाने. पीआयपी म्हणजे कामगिरी सुधारण्याचा आराखडा दिला, मुदत दिली, तरी सुधारणा नाही. मग काय करायचं?

मामा : काढ. नोटीस दे, पैसे दे, काढ. पण गैरवर्तनाचा शिक्का मारू नकोस. आसामात 1960 साली भाषेवरून दंगली झाल्या. नौगावच्या उपायुक्तावर ठपका आला की त्याने वेळीच पावलं उचलली नाहीत, नेतृत्व दाखवलं नाही, अंदाज आला नाही. हा अहमद यांचा खटला, निकाल 1979 चा. कोर्ट म्हणालं, कमी पडणं म्हणजे गैरवर्तन नव्हे. अकार्यक्षम माणूस वाईट नसतो. गैरवर्तनाला मनात काहीतरी वाकडं लागतं.

भाची : त्याच निकालात अपवादही आहेत. पहाऱ्यावर झोपलेला शिपाई, चुकीचा सिग्नल देणारा रेल्वेचा केबिनमन, स्नायूत द्यायचं इंजेक्शन शिरेत देणारी नर्स. तिथे मनात वाकडं नसतं, पण परिणाम इतका भयंकर की तो हलगर्जीपणाच गैरवर्तन ठरतो.

मामा : मग तेवढाच लिही. घोर हलगर्जीपणा, ज्याने जीव जाईल किंवा मोठी हानी होईल. तिमाहीचं टार्गेट चुकलं हे त्यात येत नाही.

ही तफावत ज्यांना कागदी वाटते त्यांनी पुढचं वाचावं. ‘कामगिरी कमी’ म्हणून गेलेल्या माणसाला नोटीसचे पैसे मिळतात, दुसरीकडे मुलाखत देताना तो डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकतो. ‘गैरवर्तन’ म्हणून गेलेल्याला बऱ्याचदा नोटीसही नाही, आणि पुढच्या कंपनीच्या पार्श्वभूमी तपासणीत तो शब्द आडवा येतो. ग्रॅच्युइटीवरही घाव बसू शकतो. 1972 च्या कायद्यात, आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेतही, दंगामस्ती, हिंसा किंवा नैतिक अधःपतनाचा अपराध यासाठी काढलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी पूर्ण किंवा अंशतः रोखता येते. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युनियन बँकेच्या प्रकरणात म्हटलं होतं की नैतिक अधःपतनाचा अपराध म्हणायचा तर फौजदारी न्यायालयात तो सिद्ध झालेला हवा. फेब्रुवारी 2025 मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की तशी शिक्षा झालेली असण्याची गरज नाही, खातेनिहाय चौकशी पुरे. त्या निकालात आपल्या एसटीचे कंडक्टरही होते, प्रवासी भाड्याच्या पैशांत अफरातफर केल्याचा ठपका असलेले. रकमा लहान होत्या हे पाहून न्यायालयाने त्यांच्या ग्रॅच्युइटीतली 25 टक्केच कपात मंजूर केली. म्हणजे आता कंपनीच्या चौकशी अधिकाऱ्याने लिहिलेल्या शब्दावर माणसाची आयुष्याची पुंजी उभी आहे. हा शब्द सैल ठेवणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

भाची : शिक्षा प्रमाणात असावी हे मी लिहिलंच आहे.

मामा : कुठे?

भाची : ‘योग्य ती कारवाई.’

मामा : ते प्रमाण नव्हे. 1971 चा महाराष्ट्राचा कायदा, आम्ही ज्याला पल्प म्हणतो, त्यात किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी, माणसाची मागची नोकरी न बघता, धक्का बसेल इतकी मोठी शिक्षा देणं ही अनुचित कामगार प्रथा म्हटली आहे. नमुन्याच्या आदेशातही लिहिलंय, शिक्षा ठरवताना कृत्य किती गंभीर आणि मागचा रेकॉर्ड कसा हे बघा. तुझी कंपनी कायद्यात बसो न बसो, एवढी दोन वाक्यं घालायला तुला कुणी अडवलंय?

तिने ती घातली. नंतरच्या मसुद्यात यादीचे दोन भाग झाले. पहिल्या भागात नोकरी जाऊ शकेल अशी कृत्यं, प्रत्येकापुढे ‘जाणूनबुजून’, ‘वारंवार’ किंवा ‘घोर’ यांपैकी लागेल तो शब्द. दुसऱ्या भागात समज किंवा लेखी ताकीद देण्याजोगी. कामगिरी तिथून पूर्ण बाहेर काढली. दुसरी नोकरी करण्याचा प्रश्नही तिने नीट लिहिला. 2022 च्या सप्टेंबरमध्ये विप्रोच्या अध्यक्षांनी प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या 300 जणांना काढल्याचं जाहीर केलं, तेव्हा शनिवारी शिकवणी घेणारा इंजिनियरही घाबरला होता. तिच्या मसुद्यात आता प्रतिस्पर्ध्याचं काम आणि कंपनीच्या वेळेत केलेलं दुसरं काम एवढंच गैरवर्तन आहे. शिकवणीला, लेखनाला, शेतीला परवानगीचीही गरज नाही. आरोप लेखी, उत्तराला मुदत, सोबत एक सहकारी आणण्याचा हक्क, हेही आलं.

शेवटची ओळ मात्र पूर्ण गेली नाही. ती आता अशी आहे : यादीत नसलेल्या कृत्यावर चौकशी होऊ शकेल, ताकीदही देता येईल, पण त्यावरून कुणालाही नोकरीवरून काढता येणार नाही; अपवाद फक्त दुसऱ्या व्यक्तीच्या जिवाला, शरीराला किंवा प्रतिष्ठेला गंभीर इजा करणाऱ्या कृत्याचा. माझ्या भावाला या अपवादातला एक शब्द नको होता. ‘प्रतिष्ठा’ या शब्दातून उद्या साहेबाची प्रतिष्ठा आत शिरेल, हे त्याचं म्हणणं. माझी मुलगी तिथे हटली नाही. मी बाकी सगळ्यात भावाच्या बाजूची आहे, या एका शब्दापुरती मुलीच्या. ज्या बाईला त्रास झाला तिला ‘तुझ्या त्रासाचं नाव अजून ठरलेलं नाही’ असं सांगण्याची वेळ पुन्हा कुणावर येऊ नये.

वाचकांना एक विनंती. आपलं नेमणूकपत्र आणि त्यात ज्या पॉलिसीचा उल्लेख आहे ती, दोन्ही काढून वाचा. यादी कुठे संपते, शेवटची ओळ काय म्हणते, कमी कामगिरी गैरवर्तनात घातली आहे का, आणि काढण्याआधी तुमचं ऐकून घेतलं जाणार आहे का, एवढं शोधा. सापडलं नाही तर एचआरला लेखी विचारा, शक्यतो चारपाच जणांनी मिळून. आणि मजकूर मराठीत मागा. स्थायी आदेश इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कामगार ज्या दारातून आत येतात तिथे फलकावर लावायचे, हे 1946 च्या कायद्यातच लिहिलेलं होतं.